व्हेने फास्ट मोडतो का? मोडतो. आता पुढचं बोलू

आमच्या जिममध्ये सकाळी सहाच्या बॅचला दर काही दिवसांनी कुणीतरी नवीन पोरगा हाच प्रश्न विचारतो, की दादा मी सोळा तासांचा फास्ट करतो, वर्कआउट झाल्यावर व्हे, म्हणजे दुधाच्या प्रोटीनची पावडर, पाण्यातून घेतलं तर चालेल ना, पाण्यातून घेतलं की फास्ट मोडत नाही असं ऐकलंय. तर आधी उत्तर देऊन टाकतो. मोडतो. पाण्यातून घ्या नाहीतर दुधातून घ्या, एका स्कूपमध्ये साधारण २४-२५ ग्रॅम प्रोटीन आणि १२० च्या आसपास कॅलरीज असतात आणि पाण्यात कालवल्याने त्या कुठे जात नाहीत. पण हे उत्तर ऐकून पोरं पुढे जे करतात त्याची मला खरी काळजी वाटते. ती व्हे बंद करतात, सात वाजेपर्यंत जड वेट मारून घरी जातात, दुपारी एकपर्यंत काळ्या कॉफीवर राहतात आणि एकला काय खातात तर तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, वाटीभर वरण आणि भात. असं तीन महिने केलं की वजन उतरतं खरं, पण त्याच्यासोबत मेहनतीने कमावलेले दंडही उतरतात, आणि मग तोच पोरगा येऊन सांगतो की फास्टिंग आपल्याला सूट होत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

व्हे म्हणजे नक्की काय हे कळलं की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. श्रीखंडासाठी दही फडक्यात बांधून टांगतो तेव्हा खाली पातेल्यात जे हिरवट पिवळसर पाणी गळतं किंवा दूध फाडून पनीर केल्यावर जे पाणी उरतं, ते व्हे. दुधातल्या एकूण प्रोटीनपैकी साधारण ८० टक्के केसिन असतं, ते घट्ट होऊन चक्क्यात नाहीतर पनीरमध्ये जातं, आणि बाकीचं २० टक्के म्हणजे व्हेचं प्रोटीन. मग आमच्या काकूंनी विचारलं तसं तुम्हीही विचाराल, की मग ते पाणीच पिऊ की, हजारो रुपयांचा डबा कशाला? तर ते पाणी फेकू नका, कणीक मळायला घ्या, आमटीत घाला, पण त्यात प्रोटीन फार कमी असतं, कारण आपण घरी दूध उकळून मग फाडतो आणि उकळताना व्हेचं प्रोटीन उलगडून केसिनला चिकटतं आणि पनीरमध्येच राहतं. चीजच्या कारखान्यात दूध इतकं तापवत नाहीत, त्यामुळे तिथे ते पाण्यात उतरतं, मग ते पाणी अतिशय बारीक गाळण्यांमधून गाळून दाट करतात आणि फवारून वाळवतात, झाली पावडर. एक लिटर दुधात व्हेचं प्रोटीन साधारण ६ ग्रॅमच असतं, म्हणजे तुमच्या एका स्कूपमागे चारेक लिटर दुधातलं व्हे आहे. घरातल्या मोठ्या माणसांना जेव्हा वाटतं की पोरगा काहीतरी केमिकल खातोय, तेव्हा त्यांना हे सांगा, दुधाचंच आहे ते.

डब्यावर कॉन्सन्ट्रेट आणि आयसोलेट असे दोन शब्द दिसतील. कॉन्सन्ट्रेटमध्ये प्रोटीन साधारण ८० टक्क्यांपर्यंत, बाकी थोडी दुधाची साखर म्हणजे लॅक्टोज आणि थोडं फॅट. आयसोलेट आणखी गाळलेलं असतं, प्रोटीन ९० टक्के किंवा वर आणि लॅक्टोज जवळपास नाहीच. दूध प्यायल्यावर ज्यांचं पोट गुडगुडतं त्यांनी आयसोलेट घ्यावं, बाकीच्यांनी कॉन्सन्ट्रेट घेतलं तरी काही अडत नाही.

आता व्हेचं एवढं कौतुक का, तर त्यात ल्युसिन नावाचं अमिनो अॅसिड भरपूर असतं. समजा बांधकाम चालू आहे, विटा येऊन पडल्यात, पण मुकादमाने हाक मारल्याशिवाय गवंडी उठत नाहीत. प्रोटीनमधली बाकीची अमिनो अॅसिडं म्हणजे विटा आणि ल्युसिन म्हणजे मुकादम. एका वेळच्या खाण्यात साधारण २ ते ३ ग्रॅम ल्युसिन आलं की स्नायू बांधायचं काम जोरात सुरू होतं, आणि २५ ग्रॅम व्हे प्रोटीनमध्ये ते अडीच ग्रॅमच्या आसपास असतं. वाटीभर वरणात प्रोटीन सहाएक ग्रॅम, त्यातलं ल्युसिन अर्ध्या ग्रॅमच्या आतबाहेर, म्हणजे नुसत्या वरणावर मुकादम उठायचा तर चार-पाच वाट्या लागतील. वरण वाईट नाही हो, रोज खा, फक्त त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवायची ते माहीत असलेलं बरं.

फास्टिंगचं म्हणाल तर महाराष्ट्रात हा विषय नवीन नाही. इंटरमिटंट फास्टिंग हा शब्द आपल्या घरांत यायच्या आधी डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं दोन वेळा जेवायचं डाएट घराघरात पोचलं होतं, डॉ. श्रीकांत जिचकारांच्या भाषणातून ती कल्पना पुढे आली आणि दिवसातून दोनदाच, तेही ५५ मिनिटांच्या आत जेवायचं हे माझ्या आईच्या भिशीतल्या बायकांनासुद्धा तोंडपाठ होतं. १६:८ हे त्याचंच थोडं सैल भावंड, सोळा तास काही नाही आणि आठ तासांत सगळं. एक मात्र स्पष्ट करतो, आपला एकादशीचा किंवा चतुर्थीचा उपास हा त्या अर्थाने फास्ट होत नाही, कारण साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, रताळी यात स्टार्च ठासून भरलेला असतो आणि दिवसभर थोडं थोडं खाणं चालूच असतं. श्रद्धेने करता तर जरूर करा, त्याची किंमत वेगळीच आहे, फक्त त्या दिवशी शेंगदाणे, दही, दूध जरा वाढवा म्हणजे प्रोटीन अगदीच तळाला जाणार नाही.

फास्ट मोडतो हे ठीक, पण मोडला तर बिघडतं काय? हे तुम्ही फास्ट कशासाठी करता त्यावर आहे, आणि इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो.

वजन कमी करायला करत असाल तर दिवसभरात एकूण किती खाल्लं हेच शेवटी मोजलं जातं. २०२२ मध्ये चीनमधल्या ग्वांगझूचा एक मोठा अभ्यास आला, १३९ जण, पूर्ण एक वर्ष, दोन्ही गटांना कॅलरीज सारख्याच कमी दिल्या, एका गटाने सकाळी ८ ते दुपारी ४ एवढ्याच वेळात खायचं आणि दुसऱ्याने कधीही. वेळ पाळणाऱ्यांचं वजन सरासरी ८ किलो उतरलं, दुसऱ्यांचं ६.३ किलो, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या हिशोबात फरक म्हणण्याइतका निघाला नाही. म्हणजे खिडकीत, म्हणजे खायच्या ठरलेल्या वेळेत, स्वतःची अशी चरबी जाळणारी शक्ती नाही, तिच्यामुळे आपण कमी खातो, रात्री दहाला टीव्हीसमोरचा चिवडा थांबतो, हा तिचा खरा उपयोग. मग सकाळी साडेसातला १२० कॅलरीजचं व्हे घेतलं आणि दिवसाचा हिशोब जमला, तर वजनाच्या दृष्टीने काहीही बिघडलेलं नाही.

शुगर आणि इन्सुलिनसाठी करत असाल तर गोष्ट वेगळी. व्हेमध्ये साखर जवळपास नसली तरी ते इन्सुलिन चांगलंच वाढवतं, नुसतं कार्ब्ज नाहीत म्हणून इन्सुलिन हलणार नाही हा समज चुकीचा आहे. ते वाईट आहे असं नाही, प्रोटीन स्नायूंत पोचवायला ते इन्सुलिन उपयोगी पडतं आणि जेवणाच्या थोडं आधी व्हे घेतलं तर जेवणानंतरची शुगर कमी चढते हेही टाइप २ डायबेटिसच्या पेशंट्समध्ये दिसलेलं आहे, पण दोन जेवणांच्या मधल्या वेळात इन्सुलिन शांत ठेवायचं हाच तुमचा उद्देश असेल तर मध्येच व्हे पिऊन तो साधत नाही. दीक्षित डाएट करणाऱ्यांनी म्हणूनच व्हे जेवणाच्या त्या ५५ मिनिटांतच घ्यावं, मधल्या वेळी नको.

तिसरे लोक ऑटोफॅजीसाठी करतात, पेशी स्वतःतला कचरा स्वतः साफ करतात ती क्रिया. योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल त्यावरच मिळालं आणि तेव्हापासून सोळा तास झाले की ऑटोफॅजी सुरू असे तक्ते फिरतात. त्यांचं मूळ काम यीस्टच्या पेशींवरचं होतं, माणसाने किती तास उपाशी राहावं असा आकडा त्यातून निघत नाही. एवढं नक्की की ल्युसिन आलं की पेशीला बांधकामाचा निरोप जातो आणि साफसफाई मागे पडते, तेव्हा ज्यांना फास्ट शुद्ध ठेवायचाय त्यांनी त्या वेळात व्हे काय, बीसीएए (ल्युसिन धरून तीन अमिनो अॅसिडांची पावडर) सुद्धा घ्यायला नको. बीसीएएची रंगीत पाण्याची बाटली दिवसभर चोखत फास्ट करणारे मी खूप पाहिलेत, त्यात ल्युसिनच असतं बाबांनो. आणि दिवसाचं प्रोटीन पुरेसं जात असेल तर बीसीएएवर वेगळा खर्च करायची गरजच नाही, ते व्हेमध्ये आधीपासून आहेच.

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं त्यावर येतो. दोन अभ्यास शेजारी ठेवून बघा.

पहिला अमेरिकेतला, सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठाचा, २०२० चा. ११६ जण, १२ आठवडे, दुपारी १२ ते रात्री ८ खायचं, बाकी काय खा, किती प्रोटीन खा, व्यायाम करा असं काहीही सांगितलं नव्हतं. फास्टिंग गटाचं वजन सरासरी किलोभरसुद्धा उतरलं नाही, ०.९४ किलो. ज्यांची शरीरं मशीनवर नीट मोजली त्यांच्यात उतरलेल्या १.७० किलोपैकी १.१० किलो चरबी नव्हती, ते लीन मास होतं, म्हणजे स्नायू वगैरे. दोन तृतीयांश ऐवज गेला तो नको तिथून गेला.

दुसरा टेक्सासमधला, २०१९ चा. आधीपासून वेट ट्रेनिंग करणाऱ्या ४० बायका, ८ आठवडे, फास्टिंगवाल्यांची खायची वेळ तीच, १२ ते ८. पण इथे सगळ्यांकडून ट्रेनिंग करून घेतलं आणि सगळ्यांना व्हे प्रोटीन दिलं, दिवसाचं प्रोटीन किलोमागे किमान १.४ ग्रॅम व्हावं म्हणून. काय झालं? फास्टिंगवाल्यांचे स्नायू नेहमीसारखं नाश्त्यापासून खाणाऱ्यांइतकेच वाढले, ताकदही वाढली. इटलीत २०१६ मध्ये आधीपासून वेट ट्रेनिंग करणाऱ्या ३४ पुरुषांवर असाच प्रयोग झाला होता, दुपारी १, ४ आणि ८ ला खाणं, ८ आठवड्यांत चरबी उतरली आणि स्नायू टिकले.

घड्याळ तेच होतं. एका ठिकाणी प्रोटीन आणि वेट होते, एका ठिकाणी नव्हते. हे दोन अभ्यास वाचल्यापासून मी कुणालाही आधी खिडकी किती तासांची हे विचारत नाही, दिवसाचं प्रोटीन किती जातं ते विचारतो, आणि दहातल्या आठ जणांना ते माहीतच नसतं.

तर तो हिशोब करू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने साध्या निरोगी माणसासाठी दिवसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम सांगितलंय, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ५८ ग्रॅम. हा व्यायाम न करणाऱ्याचा आकडा. वेट करणाऱ्यांसाठी २०१८ मध्ये ४९ अभ्यास आणि १८६३ माणसं एकत्र धरून हिशोब झाला त्यात किलोमागे १.६ ग्रॅमच्या पुढे सरासरी फायदा थांबतो असं निघालं, म्हणजे आपल्या ७० किलोवाल्याला साधारण ११० ग्रॅम. आता आपलं शाकाहारी ताट घ्या. तीन पोळ्यांचे नऊ-दहा ग्रॅम, वाटीभर वरणाचे सहा, मटकीच्या उसळीच्या वाटीचे सातआठ, दह्याच्या वाटीचे पाच, थोड्या भाताचे तीन, भाजीचे एक-दोन, झाले ३०-३५. उसळ आपल्याकडे सहसा एकाच वेळी असते, तेव्हा दोन्ही जेवणं मिळून ६० धरा, ताट चांगलं भरलेलं असेल तर. आणि १६:८ मध्ये नाश्ता जातो, त्या नाश्त्यासोबत जी दोन अंडी आणि ग्लासभर दूध जात होतं तेही जातं, म्हणजे आणखी १८-१९ ग्रॅम गेले. भुकेजलेला माणूस दुपारी त्याची भरपाई कशाने करतो? चौथ्या पोळीने आणि जास्तीच्या भाताने. फास्टिंगमध्ये प्रोटीन गळतं ते असं, नकळत.

राहिले ५० ग्रॅम. कोरडे सोया चंक्स ५० ग्रॅम भिजवून भाजी केली तर त्यात २५ च्या आसपास मिळतात, सगळ्यात स्वस्त. १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ मिळतात पण सोबत २० ग्रॅमच्या वर फॅट येतं. मांसाहारी असाल तर काम खूपच सोपं, चार अंड्यांचे २४, शिजवलेल्या दीडशे ग्रॅम चिकन ब्रेस्टचे ४५, कोकणातल्यांना बांगडा आहेच, शंभर ग्रॅमला १९-२०. आणि व्हेचा एक स्कूप २४. माझं मत विचाराल तर चिकन-अंडी खाणाऱ्याला व्हेची गरज फार थोडी, आठ तासांत जेवणाऱ्या शाकाहारी माणसाला मात्र एक स्कूप खरोखर आधार देतो, कारण एवढ्याशा वेळात दोन जेवणांवर तिसरं मोठं जेवण पोटात बसत नाही आणि शेकर बसतो. पोषण संस्थेनेच २०२४ च्या मार्गदर्शनात बॉडी बनवायला प्रोटीन सप्लिमेंट टाळा असं म्हटलंय हे मला माहीत आहे, आणि आधी ताट सुधारा हा त्यातला आग्रह मला पूर्ण पटतो, दिवसाला तीन-तीन स्कूप मारून उसळ टाळणाऱ्यांना मी तेच सांगतो. ताट नीट केल्यावरही जी जागा उरते ती एका स्कूपने भरली तर त्यात मला गैर दिसत नाही. आणि ११० ग्रॅम काही केल्या आठ तासांत बसतच नसतील तर तुमची खिडकी लहान आहे, ती दहा तासांची करा, सरळ गोष्ट.

वेळेचं आता. संध्याकाळी व्यायाम करणाऱ्यांना काही अडचणच नाही, १२ ते ८ ची खिडकी, साडेपाच-सहाला जिम, आल्यावर व्हे आणि मग जेवण, किंवा जेवणात प्रोटीन भरपूर असेल तर व्हे दुपारी. खिडकीतलं शेवटचं खाणं दूध, दही, पनीर असं असलेलं मला बरं वाटतं, कारण केसिन पोटातल्या आम्लात गेलं की तिथेच गुठळी धरतं आणि तासन्तास हळूहळू पचतं, व्हे त्या मानाने झपाट्याने उतरतं. पुढे सोळा तास काही जाणार नाही तर सावकाश पचणारं बरोबर असलेलं चांगलं, म्हणून रात्री व्हे घ्यायचंच असेल तर ते दुधातून घ्या.

खरा पेच सकाळवाल्यांचा. सहा ते सात जिम आणि पहिलं खाणं बाराला, म्हणजे व्यायामानंतर पाच तास उपाशी. तीस मिनिटांत प्रोटीन गेलं नाही तर वर्कआउट वाया हे खोटं आहे, २०१३ मध्ये या विषयावरचे बरेच अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा फरक वेळेचा कमी आणि दिवसभराच्या एकूण प्रोटीनचा जास्त निघाला, २०१७ मध्ये २१ जणांना दहा आठवडे २५ ग्रॅम प्रोटीन व्यायामाआधी किंवा नंतर देऊन पाहिलं तेव्हाही दोन्हींत तसा फरक आला नाही. वेट मारल्यावर स्नायू निदान चोवीस तास तरी प्रोटीन घ्यायला जास्त उत्सुक असतात, दरवाजा धाडकन बंद होत नाही. पण एक बारकावा आहे. पोटात रात्रीचं काहीतरी असताना अर्धा-एक तास इकडेतिकडे झाला तर काही नाही, आणि तुम्ही रात्री आठनंतर काहीच न खाता सकाळी व्यायाम करून पुन्हा बारापर्यंत थांबता तेव्हा त्या सगळ्या वेळात स्नायूंची मोड बांधणीपेक्षा जास्त चालू असते. एक दिवस ठीक, रोज आठवड्याचे पाच दिवस असं करणं मला पटत नाही.

मी स्वतः काय करतो ते सांगतो. रात्रीचं जेवण सातला उरकतो, सहा ते सात जिम, मग आंघोळ, बस, आणि ऑफिसला पोचून नऊला व्हे. चौदा तास झाले. नंतर बाराला डबा, पाचला काहीतरी, सातला घरी सगळ्यांसोबत जेवण. १६ च्या जागी १४, पण रात्री आई-बाबांसोबत जेवता येतं आणि हे मी गेली चार वर्षं मोडलेलं नाही, मधे एकदा सकाळी ७ ते दुपारी ३ ची खिडकी करून पाहिली होती तर तीन आठवड्यांत घरातलं बोलणंच कमी झालं, कारण आमच्याकडे सगळं बोलणं रात्रीच्या ताटावरच होतं. ज्यांना बाराशिवाय जमतच नाही त्यांनी बाराला पहिलं खाणं ३५-४० ग्रॅम प्रोटीनचं करावं, आधी व्हे आणि वीसेक मिनिटांनी डबा. एका वेळी ३० ग्रॅमच्या वरचं प्रोटीन वाया जातं ही भीती सोडा, २०२३ मध्ये नेदरलँड्समध्ये मास्ट्रिक्टच्या संशोधकांनी व्यायामानंतर लोकांना एकदम १०० ग्रॅम दुधाचं प्रोटीन देऊन बारा तास मोजलं, शरीर ते सावकाश वापरत राहिलं.

आमच्या जिममध्ये रोजे धरणारे दोघं मित्र आहेत, त्यांचं गणित आणखी कठीण कारण दिवसा पाणीही नाही. ते रमजानमध्ये जड ट्रेनिंग इफ्तारनंतर करतात, व्हे तेव्हाच घेतात आणि सेहरीला दूध, दही, अंडी. त्यांच्याकडे बघून मला नेहमी वाटतं की वेळ इतकी घट्ट असूनही माणूस नीट आखणी करून ताकद टिकवू शकतो.

उपाशीपोटी व्यायाम केल्याने चरबी जास्त जळते का, हा पुढचा प्रश्न. त्या तासापुरती जळते, दिवसाच्या शेवटी फरक राहत नाही. २०१४ मध्ये २० तरुणींवर चार आठवडे हे पाहिलं गेलं, एका गटाने उपाशी कार्डिओ केला, एकाने खाऊन, दोन्ही गटांची चरबी सारखीच उतरली. ताकदीचं म्हणाल तर रात्रभरात लिव्हरमधली साखर बरीच उतरते पण स्नायूंतला साठा बऱ्यापैकी शाबूत असतो, म्हणून तासाभराचं वेट ट्रेनिंग बहुतेकांना उपाशी जमतं. तरी पायांच्या व्यायामाच्या दिवशी मला एकदा स्क्वॉटच्या रॅकखालीच डोळ्यांपुढे अंधारी आली होती, बार खांद्यावर होता, नशिबाने शेजारच्याने धरला. त्यानंतर उठल्या उठल्या अर्धा लिटर पाणी चिमूटभर मीठ घालून पितो (बीपी असेल तर मिठाचं डॉक्टरांना विचारा) आणि पायांच्या दिवशी फास्ट बिनदिक्कत सोडतो. गरगरलं की थांबायचं, बसायचं, खायचं.

आता ज्यांच्यासाठी हे नाहीच, ते नीट वाचा. माझे बाबा डायबेटिसची ग्लिमेपिराइडची गोळी घेतात. दोन जेवणांचं डाएट त्यांनी कुणाला न विचारता सुरू केलं, गोळी तीच, आणि चौथ्या दिवशी सकाळी फिरायला गेले ते घामाघूम होऊन कट्ट्यावर बसले, हात थरथरत होते, शुगर खाली गेली होती. ही गोळी तुम्ही खा नाहीतर खाऊ नका, इन्सुलिन बाहेर काढतच राहते. नंतर डॉक्टरांनी डोस बदलला. तेव्हा इन्सुलिन किंवा अशा गोळ्या चालू असतील तर फास्टिंगच्या आधी डॉक्टर, मग घड्याळ. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या डायबेटिसच्याच गोळ्यांवर लांब फास्ट केला तर रक्तात कीटोन वाढून जीवावर बेतू शकतं, शुगर नॉर्मल दिसत असतानाही, म्हणून तिथे तर अजिबात मनाने नको. किडनीचा आजार असेल तर प्रोटीन किती खायचं ते नेफ्रोलॉजिस्ट ठरवतील, निरोगी किडनीला मात्र एक-दोन स्कूपने इजा होत नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, अठराच्या आतली मुलं, खाण्याशी ज्यांचं आधीच बिनसलेलं आहे अशी माणसं, यांनी फास्टिंग करू नये. थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घेत असाल तर व्हे लगेच तिच्यावर नको, त्यात कॅल्शियम असतं आणि गोळी नीट शोषली जात नाही, चांगलं तीन-चार तासांचं अंतर ठेवा.

डबा घेताना थोडं सावध राहा. प्रोटीन लॅबमध्ये सहसा थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात आणि त्यावरून प्रोटीनचा हिशोब लावतात, आणि याच फटीतून भेसळ होते. २००८ मध्ये चीनमध्ये दुधात मेलामाइन घातलं गेलं ते याचसाठी, नायट्रोजन वाढून प्रोटीन जास्त दिसावं म्हणून, आणि लहान मुलांच्या किडन्या गेल्या. व्हेमध्ये स्वस्तातलं ग्लायसिन, टॉरिन घालून आकडा फुगवतात, म्हणून घटकांची यादी वाचा, ही नावं वेगळी घातलेली दिसली तर डबा परत ठेवा. २०२४ मध्ये केरळच्या डॉक्टरांच्या एका टीमने भारतात विकली जाणारी ३६ प्रोटीन सप्लिमेंट्स तपासली, त्यातल्या जवळपास ७० टक्क्यांत लेबलवरचा प्रोटीनचा आकडा बरोबर नव्हता आणि १४ टक्क्यांत बुरशीचं विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन सापडलं. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षेच्या सरकारी संस्थेचा, लायसन्स नंबर बघा, बॅचप्रमाणे लॅब रिपोर्ट देणारा ब्रँड घ्या, स्कूपचं वजन आणि त्यातलं प्रोटीन यांचा भागाकार करा, ३३ ग्रॅमच्या स्कूपमध्ये १५ ग्रॅमच प्रोटीन असेल तर बाकी काय आहे ते विचारा. आणि किंमत डब्याची बघू नका, एका ग्रॅम प्रोटीनला किती पडतात ते काढा, मग लक्षात येतं की मोठा स्वस्त डबा बऱ्याचदा महाग असतो. जिममध्ये कुणी सुट्टी पावडर पिशवीतून विकत असेल तर कितीही ओळखीचा असला तरी घेऊ नका, मला एकदा तशीच मिळाली होती, आठवडाभर पोट धरून बसलो होतो.

शेवटचं, नऊला ऑफिसात घेणाऱ्यांसाठी. शेकरमध्ये घरूनच पाणी घालून कालवून नेऊ नका, आपल्याकडच्या उन्हाळ्यात बसमध्ये तासाभरात त्याला वास येतो, शेवटी ते दूधच आहे. कोरडी पावडर कोरड्या शेकरमध्ये न्या, तिथे पाणी घाला आणि प्यायल्याबरोबर शेकर विसळा, झाकणाच्या खाचेत बोट घालून.